टाकी फुल, काटा पाऊण

प्रश्न : वडिलांनी १९९६ मध्ये घेतलेली प्रीमियर पद्मिनी अजून वापरात आहे. गेल्या पावसाळ्यापासून पेट्रोलच्या काट्याने छळ मांडलाय. टाकी काठोकाठ भरली तरी तो पाऊणच्या वर चढत नाही. हेडलाइट लावले की आणखी खाली बसतो. पाव टाकीच्या आसपास मध्येच शून्यावर पडतो, खड्डा आला की परत वर उडी मारतो. रिझर्व्हचा लाल दिवा वळणावर लुकलुकतो. मेकॅनिक म्हणाला मीटर गेला. जुन्या बाजारातून दुसरा मीटर आणून बसवला, फरक काहीच नाही. परवा कऱ्हाडहून येताना काटा पडला, दिवा लागला. नेहमीसारखा परत वर येईल म्हणून दुर्लक्ष केलं आणि कुंभार्ली घाटात पेट्रोल संपून गाडी उभी राहिली. आता काय बदलू?
— एक शिक्षक, चिपळूण

उत्तर : गुरुजी, अजून काही बदलू नका. दुसरा मीटर बसवूनही काटा तसाच वागतोय, याचा अर्थ दोन्ही मीटर चांगले असण्याचीच शक्यता जास्त. सांगलीत ऑटो-इलेक्ट्रिकचं दुकान चालवताना मी हाच प्रकार पुन्हापुन्हा पाहिला. दोष टाकीपाशी असतो आणि गिऱ्हाईक डॅशबोर्ड उघडून आलेलं असतं. मीटर डोळ्यांसमोर असतो म्हणून त्याच्यावर आळ पहिला. माझ्याकडे त्याचा नंबर शेवटचा.

आधी यंत्रणा समजून घ्या. टाकीत दांडीच्या टोकाला एक फ्लोट असतो, संडासाच्या फ्लशच्या टाकीतल्या गोळ्यासारखा. पेट्रोल खालीवर झालं की दांडी हलते आणि तिच्या दुसऱ्या टोकाची पत्ती बारीक तारेच्या गुंडाळीवरून सरकते. त्यामुळे विजेच्या वाटेतला अडथळा कमीजास्त होतो. तुमच्या गाडीच्या पद्धतीत टाकी भरलेली असताना अडथळा कमी, रिकामी असताना जास्त. वीज मीटरमधून येते, गुंडाळीतून जाते आणि टाकीच्या पत्र्यातून गाडीच्या बॉडीला, म्हणजे अर्थला मिळते. रिझर्व्हच्या दिव्याची वायर वेगळी. दांडी अगदी खाली आली की एक संपर्क जुळतो आणि दिव्याला अर्थ मिळतो. म्हणून फ्लोट, दांडी आणि गुंडाळी मिळून जे युनिट टाकीवर बसतं, त्याला दोन वायरी दिसतील, एक काट्याची, एक दिव्याची. काही युनिटांवर त्यांच्यापाशी टी आणि डब्ल्यू अशी अक्षरंही कोरलेली असतात. टी काट्याची, डब्ल्यू दिव्याची.

आता तुमच्या पत्रातली लक्षणं. फुल टाकीला पाऊण दाखवणं आणि हेडलाइट लावल्यावर काटा आणखी बसणं, ही दोन्ही एकत्र आली की माझा संशय सरळ अर्थवर जातो. टाकीच्या बोल्टांखाली गंज धरला की विजेला परतीच्या वाटेवर फुकटचा अडथळा मिळतो. मीटर बिचारा तोही पेट्रोलच्या हिशेबात धरतो आणि कमी दाखवतो. हेडलाइटच्या बटणाबरोबर मागचे दिवेही लागतात. त्यांचा करंट त्याच कमकुवत अर्थमधून जायला लागला की काटा अजून खाली. कोकणातल्या पावसात इतकी वर्षं काढलेल्या गाडीचा हा आजार जगावेगळा नाही.

तपासायला फूटभर वायर पुरते. पण आधी खबरदारी. पेट्रोल शून्याखाली चाळीस अंशांवरही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं आणि ती वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचून राहते. त्यामुळे गाडी उघड्यावर लावा, गॅरेजच्या खड्ड्यावर नको. डिकी उघडून थोडा वेळ वारा लागू द्या. विडी-सिगारेट लांब. आणि एक नियम कधी मोडू नका : टाकीपाशी कुठलीही वायर जोडायची किंवा काढायची ती चावी बंद असतानाच. जोडून झाल्यावर पुढे जाऊन चावी लावायची. म्हणजे ठिणगी पडलीच तर टाकीच्या तोंडाशी पडत नाही.

चावी बंद करून युनिटच्या एखाद्या स्क्रूपासून बॉडीच्या घासून चकचकीत केलेल्या पत्र्यापर्यंत जादा वायर घट्ट जोडा. टाकी भरलेली असतानाच हे करा. मग चावी लावा. काटा फुलवर गेला तर अर्धं काम झालं. तीच वायर दोन्ही टोकांना थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची कडी) लावून कायमची बसवा, जोडावर थोडं ग्रीस लावा. मूळचे बोल्टही काढून गंज घासून परत आवळा.

वायर जोडूनही काटा हलला नाही तर पुढची पायरी. काट्याची वायर युनिटवरून काढा, टोक कशाला लागणार नाही असं ठेवा, चावी लावा. काटा शून्याला बसला पाहिजे. परत चावी बंद. आता ते टोक डॅशबोर्डच्या छोट्या बल्बमधून बॉडीला जोडा. थेट जोडू नका, काही मीटरांना तो धक्का सोसत नाही. चावी लावल्यावर बल्ब पेटला आणि काटा फुलच्या बाजूला झुकला, म्हणजे मीटरही चांगला आणि डॅशबोर्डपासून टाकीपर्यंतची वायरही. काटा हललाच नाही तर मात्र फ्यूज, वायर आणि शेवटी मीटर. चुकून दिव्याची वायर धरलीत तर काटा जागच्या जागी राहील आणि लाल दिवा लागेल. घाबरू नका, त्या निमित्ताने दिव्याचीही तपासणी होऊन जाते.

राहिलं पावाजवळचं पडणं. ते अर्थचं नाही, ती गुंडाळी झिजली आहे. बहुतेक लोक अर्धी ते पाव या पट्ट्यातच गाडी चालवतात, थोडं थोडं पेट्रोल भरत राहतात. पत्ती रोज तिथेच घासते. झिजलेल्या जागी संपर्क तुटला की मीटरला वाटतं टाकी रिकामी, खड्ड्यात दांडी हलली की परत जुळतो. यासाठी युनिट बाहेर काढावं लागेल. त्या दिवशी टाकीत जितकं कमी पेट्रोल तितकं बरं, आणि बॅटरीची निगेटिव्ह आधी काढायची. पेट्रोल काढायला तोंडाने नळी ओढू नका. पोटात किंवा फुप्फुसात गेलेलं पेट्रोल साधी गोष्ट नसते.

युनिट हातात आलं की दांडी हळूहळू फिरवत मल्टिमीटरवर ओहम बघा. आकडा सलग वाढत किंवा उतरत गेला पाहिजे. मध्येच गायब झाला तर ती झिजलेली जागा सापडली. काळा थर असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, मऊ ब्रशने पुसा. पॉलिश पेपर लावू नका, ती तार केसाएवढी बारीक असते, घासलीत तर उरलीसुरलीही जाईल. तार तुटलीच असेल तर युनिट बदलणं हाच उपाय. फ्लोट पितळी असेल तर कानाशी धरून हलवा. आत खळखळ ऐकू आली तर त्याला भोक आहे. गरम पाण्यात बुडवला की बुडबुडे कुठून येतात ते दिसेल. काही कारागीर त्याला डाग (सोल्डर) देऊन देतात, पण आत पेट्रोल असलेल्या फ्लोटला तापलेली सोल्डरिंगची कावी लावणं मला पटत नाही. नवा घ्या.

परत बसवताना पॅकिंग पेट्रोलचंच वापरा. सायकलची ट्यूब कापून केलेलं पॅकिंग मी असंख्य गाड्यांवर पाहिलंय. साधं रबर पेट्रोलमध्ये फुगतं, मऊ पडतं, मग डिकीत वास येतो. हल्ली पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि तुमच्या गाडीच्या काळातलं रबर त्यासाठी घडवलेलं नव्हतं. टाकी उघडलीच आहे तर पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्याही बदलून घ्या.

दिव्याबद्दल मात्र माझं मत तुमच्याहून वेगळं आहे. वळणावर लुकलुकणं हा दोष नाही. टाकीत पेट्रोल थोडं उरलं की ते एका बाजूला जातं, दांडी खाली येते, दिवा लागतो. चढावर, उतारावर तेच. घाटात त्या दिवशी काटा बेभरवशाचा असला तरी दिवा खरंच सांगत होता. दिव्याची दोन दुखणी लक्षात ठेवा. भरल्या टाकीलाही दिवा लागून राहिला तर त्याची वायर कुठेतरी सोलून बॉडीला टेकलीय, हे निदान दिसतं तरी. वायर तुटली तर दिवा कधीच लागत नाही आणि ते आपल्याला कळतही नाही. म्हणून अधूनमधून वर सांगितल्याप्रमाणे वायर अर्थला लावून दिवा पेटतो का बघत जा.

सगळं झाल्यावर एकदा गाडी दिवा कायमचा लागेपर्यंत चालवा, पंपाच्या जवळपासच. मग काठोकाठ भरा आणि किती लिटर मावलं ते लिहून ठेवा. टाकीच्या एकूण मापातून ते वजा केलं की तुमच्या गाडीचं रिझर्व्ह किती ते कळेल. तोवर किलोमीटरच्या आकड्यावर हिशेब ठेवा.

प्रश्न : इथे न्यूझीलंडमध्ये सेकंडहँड घेतलेली १९९८ ची टोयोटा कोरोला आहे. काटा बरोबर चालतो. पण पेट्रोल कमी झाल्याचा पिवळा दिवा नीट लागतच नाही, कधी अंधारात बघितलं तर अगदी मंद मिणमिणताना दिसतो, तेही टाकी अर्धी असताना. आधीच्या मालकाने डॅशबोर्डचे सगळे दिवे एलईडी करून घेतलेत. त्याचा संबंध असेल का?
— एक वाचक, ऑकलंड

उत्तर : आहे, आणि तुम्हीच तो ओळखलात. या धाटणीच्या बऱ्याच जपानी गाड्यांमध्ये दिव्यासाठी दांडीवरचा संपर्क नसतो. टाकीच्या तळाशी एक थर्मिस्टर असतो, म्हणजे तापला की ज्याचा विद्युत अडथळा कमी होतो असा एक छोटा तुकडा. दिव्यातून त्याच्यात सतत थोडासा करंट जात असतो. तो पेट्रोलमध्ये बुडलेला असेपर्यंत पेट्रोल त्याची उष्णता खेचून घेतं, तो थंड राहतो, दिवा विझलेला. पेट्रोल खाली गेलं की तो उघडा पडतो, तापतो, अडथळा घटतो आणि दिवा उजळतो. म्हणूनच असा दिवा झटकन लागत नाही आणि पेट्रोल भरल्याभरल्या विझतही नाही.

हा सगळा खेळ साध्या बल्बच्या करंटवर बेतलेला आहे. एलईडीला फारच कमी करंट लागतो. बुडालेल्या थर्मिस्टरमधून झिरपणाऱ्या करंटवरही तो मिणमिणतो, आणि थर्मिस्टर तापवण्याइतका करंट स्वतःतून जाऊच देत नाही. या एका जागी मूळच्या वॅटचा साधा बल्ब परत बसवा. तेवढी वॅट साधारण तीनच्या आसपास असते, पण तुमच्या मीटरच्या मागे लिहिलेली बघून घ्या. डॅशबोर्डचे बाकीचे एलईडी राहू देत, त्यांनी काही बिघडत नाही.

बल्ब बदलूनही दिवा लागला नाही तर टाकीवरच्या जोडापाशी त्या वायरला अर्थ द्या, चावी बंद असतानाच जोडून. दिवा पेटला तर बल्ब आणि वायर ठीक, थर्मिस्टर गेला. खात्री करायची असेल तर युनिट बाहेर काढून, पेट्रोल पूर्ण उडून जाईपर्यंत वाळवून, टाकीपासून लांब नेऊन बॅटरी आणि त्याच वॅटच्या बल्बशी जोडा. हवेत थोड्या वेळाने बल्ब पेटतो, थर्मिस्टर पाण्यात बुडवला की विझतो. असं झालं तर तुकडा चांगला आहे, दोष जोडाच्या पिनांमध्ये शोधा.

प्रश्न : गाडी सीएनजीवर चालते. पेट्रोल नावापुरतं टाकतो, त्यामुळे रिझर्व्हचा दिवा कायम लागलेला असतो. सवयीने तिकडे बघतही नाही. चालेल ना?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : चालणार नाही. इंजेक्शनच्या, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी दाबाने पेट्रोल फवारणाऱ्या गाडीत पेट्रोलचा पंप टाकीच्या आत असतो आणि त्याला थंड ठेवायचं काम पेट्रोलच करतं. गाडी सुरू होताना आणि गॅसवर जाईपर्यंत तो चालतो. काही किटांमध्ये गॅसवर गेल्यावरही चालूच राहतो, तेव्हा तर कोरडा पंप तापून जळायला वेळ लागत नाही. पंपाचा खर्च तुम्ही वाचवलेल्या पेट्रोलपेक्षा कितीतरी मोठा आहे. शिवाय दिवा कायम लागलेला असला की टाकी खरोखर कोरडी झाल्याचं कळायला काही साधनच उरत नाही. निदान पाव टाकी पेट्रोल ठेवा आणि दर आठवड्याला काही किलोमीटर गाडी पेट्रोलवर चालवा, म्हणजे ते जुनं होऊन पडून राहणार नाही. सीएनजीच्या बटणावरच्या हिरव्या ठिपक्यांचा पेट्रोलच्या काट्याशी संबंध नाही. ते सिलिंडरमधला दाब दाखवतात आणि भरताना गॅस गरम झालेला असला तर थंड झाल्यावर एखादा ठिपका कमी होतो. त्यासाठी किट उघडायला लावू नका.