‘ठरवून सांगा’ म्हणजे नेमकं काय ठरवायचं?

प्रश्न : वडील ७८ वर्षांचे. सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होऊन धाप लागण्याचा फुप्फुसाचा आजार) जुनाच, त्यात न्यूमोनिया झाला आणि किडनीही बसली. आठ दिवस व्हेंटिलेटरवर आहेत. रोज एकच ऐकतो, ‘क्रिटिकल, पण स्टेबल’. काल डॉक्टर म्हणाले, ‘पुढे काय करायचं ते ठरवून सांगा.’ घरी न्यायचं म्हटलं तर ‘डामा’च्या, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध रुग्णाला नेतोय अशा कागदावर सही मागतात. अमेरिकेतली बहीण म्हणते, सगळं करा. मशीन काढलं तर आम्हीच मारलं असं होईल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ‘स्टेबल’चा अर्थ एवढाच की औषधांच्या जोरावर बीपी-नाडीचे आकडे टिकून आहेत. त्याला सुधारणा समजू नका.

आयसीयूच्या दारात उभ्याने बोलणं घेऊ नका. अर्ध्या तासाची बैठक मागा. आयसीयूचे मुख्य डॉक्टर हवेत, घरचे दोघं-तिघं हवेत, बहीण व्हिडिओ कॉलवर. ती या बैठकीत नसेल तर आठवडाभराने सगळा वाद पुन्हा पहिल्यापासून होतो. विचारा : बीपीचं औषध चार दिवसांपूर्वीपेक्षा वाढलंय की कमी झालंय? ऑक्सिजन किती टक्के द्यावा लागतोय? झोपेचं औषध थांबवलं तर शुद्ध येते का? सगळं मनासारखं झालं, तर बाबा कोणत्या अवस्थेत घरी येतील? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर डॉक्टर सहसा आपणहून देत नाहीत. ते काढून घ्या.

‘ठरवून सांगा’ ही भाषाच चुकीची आहे. त्यात वैद्यकीय निर्णयाचं ओझं मुलांवर पडतं. डॉक्टरांनी स्वतःचा सल्ला द्यायला हवा आणि तुम्हाला विचारायला हवं, ‘बाबा बोलू शकले असते तर काय म्हणाले असते?’ तुम्हाला काय हवंय, हा प्रश्न वेगळा.

एकमत होत नसेल तर मुदतीचे उपचार ठरवा : तीन ते पाच दिवस पूर्ण प्रयत्न, कोणते आकडे बघायचे ते आधीच लिहून, मग पुन्हा बैठक. हे घशाला छिद्र पाडून नळी बसवण्याच्या आधी करा. तो विषय साधारण दुसऱ्या आठवड्यात निघतो आणि त्यानंतर मुक्काम महिन्यांवर जाऊ शकतो.

आता कायदा. इंजेक्शन देऊन मृत्यू आणणं आजही गुन्हा आहे. निरुपयोगी ठरलेला व्हेंटिलेटरसारखा आधार काढणं हा गुन्हा नाही. सर्वोच्च न्यायालयाने ते २०१८मध्ये मान्य केलं आणि जानेवारी २०२३मध्ये प्रक्रिया सोपी केली. रुग्णालयाचं तीन डॉक्टरांचं मंडळ मत देतं, जवळच्या नातेवाइकांची लेखी संमती घेतली जाते, मग तीन वेगळ्या डॉक्टरांचं दुसरं मंडळ तपासतं. त्यातला एक जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला असतो. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं असतं. मॅजिस्ट्रेटला फक्त कळवायचं असतं. ‘कोर्टाची परवानगी आणा’ हे खरं नाही.

‘डामा’ घेऊन निघालात तर बहुधा मॉर्फिन नाही, धाप कमी करायला कुणी नाही, आणि रुग्ण ॲम्ब्युलन्समध्येच घुसमटतो. मशीन नीट काढताना आधी मॉर्फिन आणि झोपेचं औषध सुरू करतात, अलार्म बंद करतात, घरच्यांना जवळ बसू देतात. त्यानंतर काही मिनिटं लागतील, काही तास, क्वचित एखाद-दोन दिवस. हे आधी सांगितलं नाही तर ‘अजून श्वास चाललाय’ म्हणून घरचे हादरतात.

प्रश्न : आईच्या फाइलवर ‘डीएनएआर’ लिहिलंय. म्हणजे उपचार बंद?
– वाचक, नाशिक

उत्तर : नाही. हृदय थांबल्यास छाती दाबून ते पुन्हा सुरू करायचं नाही, एवढंच. अँटिबायोटिक, ऑक्सिजन, वेदनाशामक सगळं चालू राहतं. परिचारिकेने हे कारण सांगून काही टाळलं, तर थेट डॉक्टरांना विचारा.