कवचधारी नव्हे, मृदुकाय

प्रश्न असा आहे: खाडीमुखाजवळच्या निमखाऱ्या दलदलीतील गोगलगायी, कालवे, तिसऱ्या या सर्वांना मिळून 'कवचधारी' म्हणावे की 'मृदुकाय'?

'कवचधारी' हा शब्द येथे साफ चुकीचा आहे, आणि तरीही तोच पुन:पुन्हा वाचावा लागतो याचा संताप येतो. खेकडे व कोळंबी यांच्या वर्गाला 'कवचधर' हे नाव रूढ असताना हा घोळ कशासाठी? शिवाय त्याच चिखलात ओंकिडियम नावाची गोगलगाय असते. ओहोटी लागली की ती बाहेर येऊन चिखलावरचे शेवाळ खरवडत सरपटते. तिच्या पाठीवर पुटकुळ्या असतात, काही पुटकुळ्यांवर चक्क डोळेही असतात. कवच तेवढे नसते.

'मृदुकाय' हे इंग्रजीवरून ओढूनताणून केलेले भाषांतर आहे, असे काही पंडित सांगतात. त्यांनी व्युत्पत्ती पाहिलेली दिसत नाही. या प्राण्यांच्या संघाचे 'मोलस्का' हे शास्त्रीय नाव ज्या लॅटिन 'मोलिस'वरून, म्हणजे 'मऊ' या अर्थाच्या शब्दावरून, आले, तो 'मोलिस' आणि संस्कृत 'मृदु' हे दोन्ही एकाच इंडो-युरोपीय मुळापासून निघाले आहेत. 'मृदु'चे प्राकृतात 'मउ' झाले आणि मराठीत 'मऊ'. म्हणजे 'मोलस्का' आणि आपला रोजचा 'मऊ' एकाच कुळातले ठरतात! कवचाचा आग्रह तर शास्त्रानेच केव्हाचा सोडला. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनीयसने 1758 मध्ये कवचवाल्यांचा 'टेस्टेशिया' हा गट वेगळा काढून 'मोलस्का'त मुख्यत्वे बिनकवचाचे मऊ प्राणी ठेवले होते. पुढे फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्यूव्हिएने अंतर्रचना तपासून शंखशिंपल्यांतल्या जिवांनाही 'मोलस्का'तच आणले.

गोगलगायींच्या वर्गाला दिलेल्या 'उदरपाद' या शब्दालाही ही मंडळी बोजड म्हणून नाके मुरडतात. 'गोगलगाय नि पोटात पाय' या म्हणीचा लाक्षणिक अर्थ सर्वांना ठाऊक आहे, तो सोडून देऊ. माझे ठाम मत असे, की तिच्यामागे प्रत्यक्ष निरीक्षण आहे. काचेवर चढणारी गोगलगाय पलीकडून पाहिली, तर पोटाचा सबंध तळ हाच तिचा पाय असल्याचे आणि त्यावरून स्नायूंच्या बारीक लाटा एकामागून एक सरकत असल्याचे स्पष्ट दिसते. याच वर्गाच्या 'गॅस्ट्रोपोडा' या शास्त्रीय नावातही ग्रीक 'गास्टर' म्हणजे पोट आणि 'पोड' म्हणजे पाय; त्यातला 'पोड' आणि आपला 'पाय' हेही मुळात एकच. जे ग्रीक शब्द जोडून सांगावे लागले, ते मराठी म्हणीत जसेच्या तसे आहे, आणि म्हणून 'उदरपाद' हा शब्द मला मुळीच परका वाटत नाही.