घरच्यांनी लग्न ठरवल्यामुळे पळून आलेल्या सोळा वर्षांच्या मुलीला तात्पुरता निवारा कसा मिळतो?

आपल्या मुलीची सोळा वर्षांची मैत्रीण काल रात्रीपासून आपल्या घरी आहे, दहावीचा निकाल लागण्याआधीच घरच्यांनी तिचे लग्न ठरवले आहे, आणि ‘तिला रिमांड होममध्ये टाकतील’ या भीतीने आपण अजून कोणालाही कळवलेले नाही, असे आपण लिहिले आहे. मी एका जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीवर, म्हणजे संरक्षणाची गरज असलेल्या मुलांविषयी निर्णय घेणाऱ्या कायदेशीर समितीवर, एक मुदत सदस्य होते आणि अशा बऱ्याच मुलींचे म्हणणे समितीसमोर ऐकले आहे. त्या अनुभवावरून हे उत्तर देते.

पहिली गोष्ट, हे वाचून होताच १०९८ या क्रमांकावर फोन करावा. ही मुलांसाठीची निःशुल्क मदतवाहिनी असून ती चोवीस तास चालू असते. मुलगी कोठे आहे, ती सुरक्षित आहे आणि तिचे लग्न ठरवले गेले आहे, एवढे स्पष्ट सांगावे. कोणाशी आणि किती वाजता बोलणे झाले हे लिहून ठेवावे. ही घाई का, तेही सांगते. अल्पवयीन मूल हरवल्याची तक्रार आली की अपहरण गृहीत धरून गुन्हा नोंदवावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा आदेश आहे, त्यामुळे तिचे आई-वडील पोलीस ठाण्यात गेले असतील तर तिला घरात ठेवून गप्प बसलेली व्यक्ती संशयाच्या फेऱ्यात सापडते. आपण दयेपोटी दिलेला आसरा लपवाछपवी ठरू नये, यासाठी तो आपणहून उघड करणे हाच मार्ग आहे. तिच्या दृष्टीनेही हेच हिताचे आहे, कारण नातेवाईक आपल्या दारात येऊन उभे राहिले तर तिला त्यांच्या हवाली न करण्याचा कोणताही अधिकार आपल्यापाशी नाही. समितीपाशी तो आहे.

आता रिमांड होमविषयी. ज्या मुलांवर गुन्ह्याचा आरोप आहे त्यांच्यासाठी निरीक्षणगृह असते. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांसाठी बालगृह असते, आणि मुलींचे बालगृह वेगळे असते. अनेक जिल्ह्यांच्या ठिकाणी निरीक्षणगृह आणि मुलांचे बालगृह एकाच आवारात चालत आल्यामुळे गावाने दोहोंना रिमांड होम हेच नाव दिले, आणि ती भीती अजून टिकून आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात, लग्नाचे वय होण्याआधी जिचे लग्न लावले जाण्याचा धोका आहे अशा मुलीचा समावेश संरक्षणाची गरज असलेल्या बालकांत स्पष्ट शब्दांत केलेला आहे. तिच्यावर कसलाही आरोप नाही, हे तिला आपल्या तोंडून आजच कळायला हवे.

मुलीला चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, बाल कल्याण समितीपुढे हजर करावे लागते. पोलीस, मदतवाहिनीचे कार्यकर्ते किंवा आपल्यासारखी नागरिक व्यक्ती तिला नेऊ शकते. ती स्वतःही जाऊ शकते. समितीची बैठक नसेल किंवा रात्र असेल तर एका सदस्यापुढे हजर केले तरी चालते आणि तो सदस्य तात्पुरत्या निवाऱ्याचा आदेश देऊ शकतो. बालगृह दूरच्या तालुक्यात असेल तर जिल्ह्याच्या ‘सखी’ केंद्रातही, म्हणजे संकटातील महिलांसाठीच्या सरकारी मदत केंद्रातही, थोड्या दिवसांची सोय होऊ शकते, मात्र मुलगी अल्पवयीन असल्यामुळे तिची माहिती समितीकडे जावीच लागते. समितीपुढचे काम न्यायालयासारखे चालत नाही. तिथे आरोपीचा पिंजरा नसतो, मुलीशी आई-वडिलांना बाहेर बसवून बोलता येते, आणि तसे बोलावे अशी विनंती आपण आवर्जून करावी.

बालगृहातले पहिले काही दिवस तिला जड जातील, हे मी लपवणार नाही. मोबाइल जवळ राहत नाही, एकटीला बाहेर जाता येत नाही, ज्यांच्या आयुष्यात याहून कितीतरी भयंकर घडलेले असते अशा मुलींसोबत एका खोलीत झोपावे लागते, आणि आईची आठवण येते. जिने लग्न ठरवले त्याच आईची. बऱ्याच मुली तिसऱ्या-चौथ्या दिवशी ‘मला घरी जायचे आहे’ असे म्हणू लागतात. नेमके याच वेळी आई-वडील रडत येतात, वय पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही असे हमीपत्र लिहून देतात, आणि प्रकरण मिटले असे सर्वांना वाटते. माझे मत इथे ठाम आहे: केवळ हमीपत्रावर मुलगी परत पाठवणे धोक्याचे आहे, कारण लग्न दुसऱ्या गावी, मामाच्या घरी, गुपचूप लावता येते. सामाजिक तपासणीसाठी, म्हणजे मुलीच्या घरची परिस्थिती पाहण्यासाठी, कायद्याने पंधरा दिवस दिलेले आहेत आणि अंतिम आदेशासाठी चार महिने, आणि निवाऱ्याचा खरा उपयोग हा मिळालेला अवधी आहे. त्या अवधीत बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्यांमार्फत प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडून लग्नाला मनाई करणारा आदेश मिळवावा. गावात हे अधिकारी म्हणजे ग्रामसेवक (आताचे पदनाम ग्रामपंचायत अधिकारी). २००६ च्या बालविवाह प्रतिबंध अधिनियमानुसार, असा आदेश असताना लावलेले लग्न मुळातच रद्दबातल ठरते. हा आदेश हाती आल्यावर मुलगी घरी गेली आणि गावची बाल संरक्षण समिती व अंगणवाडीसेविका तिच्याकडे लक्ष ठेवून राहिल्या, तर परिस्थिती पुष्कळ वेगळी असते.

‘आम्हीच तिला ठेवून घेऊ का’ असेही आपण विचारले आहे. पडताळणी करून एखाद्या व्यक्तीला ‘योग्य व्यक्ती’ म्हणून ठरावीक काळासाठी मुलीचा सांभाळ सोपवण्याचा अधिकार समितीला आहे, तेव्हा तशी तयारी जरूर दाखवावी. परंतु आपण आणि तिचे आई-वडील एकाच गल्लीत राहता, त्यामुळे समिती बहुधा नकार देईल, आणि माझ्या मते तो नकार योग्यच असेल. लग्नाला विरोध असलेली मावशी किंवा आजी दुसऱ्या गावी असेल तर तिचे नाव समितीला सुचवावे.

समितीकडे जाताना शाळेचा दाखला किंवा बोनाफाईड, आणि मिळाल्यास जन्मदाखला सोबत घ्यावा. ‘मुलगी अठराची आहे’ असा दावा अशा प्रकरणांत हमखास केला जातो आणि वय ठरवताना कायदा आधी शाळेचे प्रमाणपत्र, मग जन्मदाखला आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी असा क्रम पाळतो. तिचा फोटो किंवा नाव कोणत्याही व्हॉट्सअॅप गटात टाकू नये. तिची ओळख प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे. आणि तिच्या अकरावीच्या प्रवेशाचा विषय पहिल्याच दिवशी समितीपुढे काढावा. बालगृहात असतानाही प्रवेशाचा अर्ज भरता येतो, फक्त ते कोणीतरी वेळेत लक्षात आणून द्यावे लागते.