झाकली जाणारी मायावती

प्रश्न : दुर्बिणीशिवाय जोडतारा, म्हणजे एकमेकांभोवती फिरणारी ताऱ्यांची जोडी, ओळखता येतो का?

उत्तर : हो! दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत, पण एक तारा दुसऱ्याला झाकतो ते कळतं. ययाती तारकासमूहातली मायावती, म्हणजे अलगोल, बघा. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंद जोडीदार तेजस्वी ताऱ्यासमोर येतो, आणि प्रत, म्हणजे तेजाचं माप, २.१ वरून ३.४ वर उतरते (आकडा मोठा, तर तारा मंद). मी शेजारच्या देवयानी तारकासमूहातल्या अलमाक ताऱ्याशी तुलना करतो, एरवी दोघं सारखेच तेजस्वी. मायावती पहिल्यांदा फिकी दिसली तेव्हा मी डोळे चोळून पुन्हा पाहिलं होतं.

ग्रहणाची ही कल्पना १७८३ मध्ये जॉन गुडरिकनं मांडली. वय अवघं १८, ऐकू येत नसलेला मुलगा! मला त्याचं फार अप्रूप वाटतं.

एकदा ग्रहण सापडलं, की तीन रात्रींनी साधारण तीन तास आधी पुन्हा बघा.