ॲपवर ऊन आणि वारा कमी दाखवतंय म्हणजे मालवणचा समुद्र शांत असेल ना?

तुम्ही विचारलंय की दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूरहून मालवणला निघालोय, ॲपवर ताशी 8 किलोमीटर वारा आणि लख्ख ऊन दाखवतंय, मग लाटा नसणारच ना, आणि लाटांचा अंदाज कुठं बघायचा. तर वाऱ्यावरनं लाट ठरवू नका. हा प्रश्न बघून राहवलंच नाही, कारण हेच वाक्य 2019 च्या दिवाळीच्या पाडव्याला आमच्या दाजींनी तारकर्लीच्या वाळूत उभं राहून मला ऐकवलं होतं, "वारंच नाही तर लाट कुठनं येणार?"

मी अकरा वर्षं मर्चंट नेव्हीत काढली, शेवटी सेकंड मेट म्हणजे जहाजावरचा अधिकारी होतो, रात्री बारा ते चारचं वॉच, म्हणजे पहारा, माझा. घर कसबा बावड्यात. कोल्हापूरचा म्हटलं की लोकांना वाटतं ह्याला समुद्रातलं काय कळतंय, पण स्वेल, म्हणजे लांबच्या वादळातनं निघून चालत येणारी लाट, काय असतो हे खरं तर पंचगंगेकाठच्या माणसाला सगळ्यात आधी कळायला पाहिजे. गावात ऊन पडलेलं असतं आणि राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की काही तासांनी राजाराम बंधाऱ्यावर पाणी चढायला लागतं, तेव्हा कोण म्हणतंय का की हितं पाऊस नाही मग पाणी कुठनं आलं? लाटेचं तसंच आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला काचेसारखा समुद्र बघितलाय मी, वाऱ्याची झुळूक नाही, आणि जहाज मात्र पाळण्यासारखं डुलतंय, कारण लाट निघालेली असते पार खाली दक्षिण महासागरातल्या वादळातनं. केरळात असाच स्वेल अचानक घरात शिरतो, त्याला ते कल्लक्कडल म्हणतात, चोरासारखा येणारा समुद्र.

त्या दिवाळीत क्यार नावाचं चक्रीवादळ होतं. 24 ऑक्टोबरच्या सुमारास अरबी समुद्रात तयार झालं, कोकणाला झोडपून ओमानच्या दिशेनं सरकलं आणि 27 ला भर समुद्रात सुपर सायक्लोन झालं, म्हणजे वारा 120 नॉट किंवा जास्त, ताशी 222 किलोमीटरच्या पुढं. 2007 च्या गोनूनंतर अरबी समुद्रात तेच पहिलं. शिवाय लक्ष्मीपूजनाची अमावस्या, म्हणजे उधाणाची भरती. आम्ही पाडव्याला पहाटे निघून फोंडा घाट उतरून पोहोचलो तर आभाळ मोकळं, झाडाचं पान हलत नव्हतं. सिंधुदुर्ग किल्ल्याला जायचं म्हणून होडीवाल्याला विचारलं, तो म्हणाला, "आज नाय, दर्या बरो नाय." दाजी दुप्पट पैसे द्यायला लागले, तरी तो नाही म्हणाला. मी घड्याळ लावून लाटा मोजल्या, दोन लाटांत 13-14 सेकंद. जवळच्या वाऱ्यानं उठलेली लाट पाच-सहा सेकंदांची असते. 14 सेकंदांची लाट खोल पाण्यात 300 मीटर लांब असते आणि तिचा जोर ताशी साधारण 40 किलोमीटरनं पुढं सरकतो, म्हणजे जवळजवळ हजार किलोमीटर एका दिवसात. किनाऱ्याजवळ तळ वर आला की तीच लाट मंदावते आणि उंच होते. आणि ती एकटी येत नाही, पाच-सात मोठ्या लाटा ओळीनं येतात, मग दहा मिनिटं शांत.

ती दहा मिनिटं बघूनच दाजी त्यांच्या पोराला, माझ्या भाच्याला घेऊन गुडघाभर पाण्यात गेले. मी दोनदा हाक मारली. "तू बोटीवर काय केलंस ते सांगू नको," म्हणाले. पहिल्या दोन लाटांत नुसती मजा झाली, तिसरी कमरेवर आली आणि परतीच्या पाण्यानं दोघांच्या पायाखालची वाळूच ओढून नेली. सात वर्षांचं पोरगं. मी बुटासकट पळालो, त्याचा दंड हाताला लागला म्हणून आज तो दहावीकडं चाललाय. ताई वाळूत बसून राहिली, तिच्या तोंडातनं शब्द फुटत नव्हता. आणि पुढच्या वर्षी घरच्या कार्यक्रमात दाजी सगळ्यांना सांगतात की एक चुकार लाट आली. चुकार कसली? तिच्या मागं अजून चार होत्या, मी मोजल्यात.

तर अंदाज हैदराबादच्या इन्कॉइसचा, म्हणजे समुद्राचा अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेचा बघा, किनाऱ्याप्रमाणं लाटांची उंची, स्वेल, भरतीचा इशारा सगळं असतं. तिथं उंची 2 मीटर लिहिली असेल तर ती सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते, एखादी लाट जवळजवळ 4 मीटरची पण येऊ शकते, हे कोणी सांगत नाही. उंचीपेक्षा आधी पिरियड, म्हणजे दोन लाटांमधले सेकंद बघा, 12 सेकंदांच्या वर दिसला तर पोरांना पाण्यात सोडू नका, ऊन कितीही असू दे. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे चक्रीवादळांचा हंगाम आहे हे घरात कोणीतरी बोललं पाहिजे. त्याच वर्षी क्यार पुरतं विरलं नव्हतं तोवर लक्षद्वीपजवळ महा नावाचं दुसरं चक्रीवादळ उठलं. डिसेंबर-जानेवारीत समुद्र बहुतेक शांत असतो, जमत असेल तर तेव्हाच जावा.

एक राहिलं, माझा अनुभव खोल पाण्यातला आहे. देवबागला कर्लीची खाडी समुद्राला मिळते तिथली ओढ वेगळीच, ओहोटीला तर फारच, तिथं माझा 12 सेकंदांचा हिशोब चालणार नाही, तिथल्या होडीवाल्यालाच विचारा. आणि तो नाही म्हणाला तर पैसे वाढवून बघू नका.