जे.आर.डी. टाटांच्या लायसन्सवर 'क्रमांक १' होता. त्या काळी पायलट, शिक्षक आणि नॅव्हिगेटर (विमानाची जागा आणि दिशा काढणारा) यांना लायसन्ससाठी नेमकं काय करावं लागे?

तुम्ही विचारलंय की क्रमांक १ असेल तर परीक्षा घेणारं तरी कोण होतं, आणि शिकवणाऱ्याला व नॅव्हिगेटरला वेगळं लायसन्स लागे का. परीक्षा होती, आणि सोपी नव्हती. पण आधी एक गुंता सोडवायला हवा. त्या काळी दोन वेगळे कागद असत: क्लबाचं प्रमाणपत्र आणि सरकारी लायसन्स. जे.आर.डीं.चा १० फेब्रुवारी १९२९ चा प्रसिद्ध कागद एरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्माने दिलेला होता, तोही आंतरराष्ट्रीय विमान क्रीडा महासंघाच्या वतीने. त्यावरचा १ म्हणजे त्या क्लबाने दिलेला पहिला. 'विमान चालवणारा पहिला भारतीय' असा त्याचा अर्थ काढू नये. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर, इंद्रलाल रॉय, हरदितसिंग मलिक हे पहिल्या महायुद्धातच ब्रिटिश विमानदलातून उडत होते.

क्रमांकावरून कौशल्य ठरवण्याची चूक फ्रान्सच्या बाबतीतही होते. तिथल्या एरो क्लबाने १९०९ पासून प्रमाणपत्रं दिली. पहिल्या यादीतले लोक आधीच नावाजलेले असल्याने क्रमांक आडनावांच्या वर्णक्रमाने लावले. म्हणून फ्रेंच वैमानिक ब्लेरियो १, आणि सगळ्यांच्या आधी उडालेले राइट बंधू १४ आणि १५! ब्रिटनमध्ये रॉयल एरो क्लबाचं पहिलं प्रमाणपत्र ८ मार्च १९१० चं, मूर-ब्रॅबझन यांचं. दुसरं रोल्स-रॉइसमधल्या रोल्स यांचं.

१९११ च्या सुमारास परीक्षेचे नियम बहुतेक देशांत सारखे झाले. वय किमान १८, विमानात उमेदवार एकटाच. एकमेकांपासून जास्तीत जास्त ५०० मीटरवर दोन खांब रोवायचे आणि त्यांच्याभोवती न उतरता किमान ५ किलोमीटर उडायचं, असं दोनदा. एका खांबाला डावीकडून वळसा घातला तर दुसऱ्याला उजवीकडून, म्हणजे आकाशात सलग इंग्रजी आठचा आकडा उमटला पाहिजे. शिवाय ५० मीटर उंची गाठायची. उतरताना चाकं जमिनीला लागेपर्यंत इंजिन बंद झालेलं हवं, आणि आधी ठरवून दिलेल्या खुणेपासून ५० मीटरच्या आत विमान थांबायला हवं. क्लबाचे निरीक्षक मैदानावर उभे राहून हे सगळं नोंदवत.

आठचाच आकडा का, हे समजलं की त्या काळच्या विमानांचा स्वभाव कळतो. तेव्हाच्या रोटरी इंजिनात पंख्याबरोबर अख्खं इंजिनच फिरे. एवढं वजन गरगरत असलं की ते भोवऱ्यासारखं वागतं. इंजिन पुढे बसवलेल्या अशा बऱ्याच विमानांत उजवीकडे वळलं की नाक खाली जाई आणि डावीकडे वळलं की वर येई. एकाच बाजूला वळून उमेदवार आपली कच्ची बाजू सहज लपवू शकला असता. आठच्या आकड्यात ती लपत नाही. इंजिन बंद करून उतरण्याची अटही अशीच अनुभवातून आलेली. इंजिन हवेत बंद पडणं ही तेव्हा नेहमीची गोष्ट होती, त्यामुळे इंजिनाशिवाय उतरता येत नसेल त्याला उडताच येत नाही, असं सरळ धरलं जाई.

तरीही हा कागद नसताना उडणं बहुतेक ठिकाणी गुन्हा नव्हता. कायदा खऱ्या अर्थाने आला तो महायुद्धानंतर. ब्रिटनमध्ये १ मे १९१९ पासून नागरी उड्डाण नियमांखाली सुरू झालं आणि १३ ऑक्टोबर १९१९ रोजी पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या एका परिशिष्टात पायलट आणि नॅव्हिगेटर यांच्या किमान पात्रता लिहिलेल्या आहेत. हिंदुस्थानात १९११ चा विमान कायदा होताच. १९२० मध्ये नियम आले.

पॅरिसच्या परिशिष्टात खासगी पायलटसाठी दोन उड्डाणं होती. पहिल्यात किमान २००० मीटर उंचीवर तासभर राहायचं आणि शेवटी १५०० मीटरवर इंजिन बंद करून तरंगत खाली यायचं. इंजिन पुन्हा चालू न करता ठरलेल्या खुणेपासून १५० मीटरच्या आत उतरायचं. दुसऱ्यात ५०० मीटर अंतरावरच्या दोन खांबांभोवती पाच आठ काढायचे, उंची २०० मीटरच्या वर जाऊ द्यायची नाही, आणि शेवटी खुणेपासून ५० मीटरच्या आत थांबायचं. उंचीचा पुरावा बॅरोग्राफचा: हवेच्या दाबानुसार फिरत्या कागदावर रेघ ओढणारं यंत्र. ती रेघ अहवालाला जोडावी लागे, तिच्यात खाडाखोड चालत नसे.

उमेदवाराचा कस लागे तो खुणेवर उतरण्यात. त्या विमानांना वेग मारायला फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेचे खाली वळणारे पट्टे, नव्हते. उंची जास्त राहिली तर नागमोडी वळणं घ्यायची किंवा विमान एका अंगावर कलतं करून घसरवायचं, एवढेच उपाय हातात. उंची कमी पडली की खरा धोका. खूण दूर दिसते, हात नकळत दांडा मागे ओढतो, नाक वर होतं, वेग मरतो आणि विमान स्टॉल होऊन, म्हणजे पंखांचा हवेतला आधार सुटून, गिरक्या खात कोसळतं. जमिनीजवळ त्यातून सुटका नसते. म्हणून चांगला शिक्षक पहिल्या दिवसापासून बजावे की तरंगणं 'ताणू' नकोस. खुणेच्या अलीकडे उतर, नापास हो, पण जिवंत राहा.

प्रवासी नेणाऱ्या पायलटला याच्या वर आणखी दोन अवघड कसोट्या होत्या. एक ३०० किलोमीटरचा प्रवास, आठ तासांच्या आत, वाटेत दोन ठिकाणी उतरून त्याच विमानाने मूळ जागी परत. दुसरी रात्रीची, ५०० मीटर उंचीवर किमान अर्धा तास. शिवाय नियमांची आणि इंजिनाची परीक्षा, आणि डोळे, कान, नाक, मज्जासंस्था यांची डॉक्टरी तपासणी. ब्रिटिश पद्धतीत, आणि तिच्या मागोमाग आपल्याकडेही, खासगीला 'ए' आणि व्यावसायिकाला 'बी' लायसन्स म्हणत.

शिक्षकांचं प्रकरण मात्र मागे राहिलं, आणि माझ्या मते त्या काळातली ही सगळ्यात महागात पडलेली चूक होती. पॅरिसच्या परिशिष्टात शिक्षकाची वेगळी पात्रताच नाही. सुरुवातीला ज्याला उडता येतं तो शिकवी, कित्येकदा एकाच बैठकीच्या विमानात शिष्याला बसवून स्वतः जमिनीवरून ओरडत. शिकवणं हे वेगळं कसब आहे हे रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांनी १९१७ मध्ये इंग्लंडमधल्या गॉस्पोर्टला दाखवून दिलं. अॅव्हरो ५०४ विमानात दोघांच्याही हाती नियंत्रण, मध्ये बोलण्यासाठी रबरी नळी, आणि स्टॉल व गिरक्या टाळायच्या नाहीत तर मुद्दाम करून त्यातून बाहेर यायला शिकवायचं. जुहूच्या बॉम्बे फ्लाइंग क्लबातल्या मॉथ विमानांत शिकवण्याची रीत याच परंपरेतली. जे.आर.डी. तिथे शिक्षकाबरोबर ३ तास ४५ मिनिटं उडाल्यावर एकटे उडाले. आज हे वाचून धक्का बसतो, पण मॉथ हे हलकं, संथ आणि चुका पोटात घालणारं विमान होतं.

नॅव्हिगेटरला वेगळं लायसन्स होतं, पण तो प्रत्येक विमानात लागत नसे. दहाहून अधिक प्रवासी असतील आणि न थांबता जमिनीवरून ५०० किलोमीटरपेक्षा किंवा समुद्रावरून २०० किलोमीटरपेक्षा लांब किंवा रात्री उडायचं असेल, तरच तो सक्तीचा. परीक्षेत खगोल, नकाशे, होकायंत्र, भरती-ओहोटी, हवामानाचे तक्ते आणि आकाश व समुद्र या दोन्हींचे वाहतूक नियम. भर वेग, दिशा आणि वारा यांवरून जागा काढण्यावर. दिशेत एका अंशाची चूक झाली तर ६० मैलांवर सुमारे एक मैल बाजूला. त्यात मॅग्नेटो (इंजिनाच्या ठिणगीसाठी वीज तयार करणारं यंत्र) आणि लोखंडी भागांमुळे होकायंत्र भरकटे, म्हणून विमान जमिनीवर वेगवेगळ्या दिशांना फिरवून प्रत्येक दिशेची चूक एका कार्डावर लिहून ठेवावी लागे.

१५ ऑक्टोबर १९३२ ला जे.आर.डी. पस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन आले, ते एकटेच. नॅव्हिगेटरची अट त्यांना लागूच नव्हती: उड्डाण दिवसाचं, आणि विमानात प्रवासी एकही नाही.