‘स्टेट एड’ म्हणजे अनुदान नव्हे

युक्रेन युद्धकाळातही आपले ‘स्टेट एड’ नियंत्रण, म्हणजे सरकारी यंत्रणांनी निवडक उद्योगांना दिलेल्या लाभांवरची देखरेख, युरोपीय संघाच्या स्पर्धा कायद्याशी जुळवून घेत आहे. त्याविषयी लिहिताना ‘सरकारी अनुदान’ म्हणावे का, असे एका वाचकाने विचारले आहे. म्हणू नये. हा शब्द इतक्यांदा वाचनात येतो की आता राहवत नाही. अनुदान म्हटले की तिजोरीतून रक्कम द्यावी लागते. करमाफीत, कर्जाच्या हमीत किंवा सरकारी जमीन स्वस्तात देण्यात तशी रक्कम दिली जात नाही, तरीही निवडक उद्योगाचे पारडे जड होतेच. नेदरलँड्समधल्या लिंबुर्गच्या कोळसा खाणींच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने १९६१ मध्येच ‘एड’ची व्याप्ती ‘सबसिडी’हून मोठी ठरवली होती आणि युक्रेनचा २०१४ चा कायदाही हाच व्यापक अर्थ धरतो. म्हणून ‘शासकीय साहाय्य’ लिहावे. ‘राज्य साहाय्य’ हा शब्दशः पर्याय सुचवणाऱ्यांना आपल्याकडे ‘राज्य’ म्हणजे घटकराज्य, हे कसे दिसत नाही? ‘स्टेट एड’मध्ये तर नगरपालिकेने दिलेली सवलतही मोजली जाते.

‘सबसिडी’ मात्र मुळात रणांगणावरचा शब्द आहे. लॅटिन ‘सुब्सिदियुम’ म्हणजे मागे राखून ठेवलेले, आघाडी खचू लागताच पुढे येणारे सैन्य. त्यातला ‘सुब’ आपल्या ‘उप’चा सगोत्र आणि ‘सिद्’ आपल्या ‘सद्’ धातूचा. म्हणजे घटक जुळवले की हाती येतो तो सोमयागातला ‘उपसद्’ हा विधी! असुरांच्या तीन पुरांना, म्हणजे तटबंदीच्या नगरांना, देवांनी उपसदांच्या बळावर वेढा घातला, असे शतपथ ब्राह्मण सांगते. घटक दोन्ही भाषांच्या समान पूर्वजाकडून आले असले, तरी लष्करी अर्थ मात्र दोन्हीकडे स्वतंत्रपणे आला असावा: रोममध्ये मागे राखीव म्हणून बसणे, यज्ञवेदीजवळ वेढा घालून बसणे.

राहिला ‘नियंत्रण’ हा शब्द. त्याऐवजी ‘बंदी’ लिहिणेही चूकच. मार्च २०२२ मध्ये युक्रेनने मार्शल लॉच्या काळातले साहाय्य ग्राह्य मानून ते मक्तेदारीविरोधी समितीला कळवण्याचे बंधन उठवले. त्याच महिन्यात युरोपीय आयोगानेही संकटकाळासाठी निकष सैल केले, पण साहाय्याच्या योजना आयोगाला कळवून त्यांना मंजुरी घेण्याचा नियम कायम ठेवला. जून २०२२ मध्ये संघाच्या सदस्यत्वाचा उमेदवार झालेल्या युक्रेनने जुळवून घ्यायचे आहे ते नेमके हेच: साहाय्य द्यावे, परंतु आधी कळवून.